डबा हजाराचा, कॉम्प्रेसर अठरा हजारांचा : गाडीच्या एसीचा गॅस घरी भरावा का?



मागे जव्हारला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर मोखाड्याकडच्या एका पाड्यावरून आलेला मुलगा माझ्याजवळ आला. आयटीआय झालेला, मोटर मेकॅनिक, दोन वर्षं नाशिकच्या एका गॅरेजात हेल्पर म्हणून काढलेली. त्याने मोबाइल पुढे केला. व्हिडिओत अमेरिकेतला एक माणूस घरासमोर गाडी उभी करून, हातात एक डबा आणि वीतभर पाइप घेऊन एसीचा गॅस भरत होता. पाच मिनिटांत काम फत्ते.

"सर, हा डबा आपल्याकडे पण भेटतो. मी दहा डबे आणतो, गाडीमागे हजार-बाराशे घेतो. जव्हार-मोखाड्यात हे काम करणारं कोण हाय? धंदा चालंल ना?"

मी म्हटलं, "चालेल. दोन महिने." पोराचं तोंड उतरलं. माझंच चुकलं, कारण मागून पाच-सहा जण निघायच्या घाईत उभे होते आणि मी अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं अर्धं आज लिहितोय. व्हिडिओतही या विषयावर थोडं बोललो आहे, पण आकडे ऐकून लक्षात राहत नाहीत, वाचून राहतात.

आधी एक कबुली. हा डब्याचा उद्योग मी स्वतः केलेला आहे. माझ्या जुन्या हॅचबॅकचा एसी गार हवा देईनासा झाला, तेव्हा मीही असाच एक डबा आणला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरला. वीस मिनिटांत गाडी गार. बायकोला बोलावून दाखवलं, "बघ, वाचवले की नाही पैसे!" बारा-तेरा दिवसांनी घाट चढताना बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज आला आणि जळका वास. कॉम्प्रेसर जाम. बिल अठरा हजार. मेकॅनिकने एकच प्रश्न विचारला, "साहेब, ऑइल टाकलं होतं का?" मला ऑइल असतं हेच माहीत नव्हतं.

म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

गाडीच्या एसीत फिरतो तो गॅस आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो. तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तोच गोल फिरतो. रबरी पाइप आणि कॉम्प्रेसरचं सील यांतून वर्षाला थोडा थोडा झिरपतो, हे खरं. पण सात-आठ वर्षं नीट चाललेली गाडी एका महिन्यात गरम हवा देऊ लागली, तर गॅस 'संपलेला' नाही, तो कुठून तरी पळालाय. आणि जाताना एकटा जात नाही. कॉम्प्रेसरला वंगण देणारं ऑइल याच गॅसबरोबर सगळीकडे फिरत असतं. गळतीच्या जागी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो ना, ते हेच ऑइल.

आता गंमत बघा. गॅस फार कमी झाला की एक छोटा प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही. आपण म्हणतो एसी बिघडला. खरं तर तो कॉम्प्रेसरचा जीव वाचवत असतो. आपण वरून डबा मारतो, स्विचला वाटतं सगळं ठीक आहे, आणि ऑइल गेलेला कॉम्प्रेसर कोरडा फिरायला लागतो. माझे अठरा हजार असे गेले.

दुसरी गोष्ट, माप. लहान गाडीत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम गॅस मावतो. नेमका आकडा बॉनेटखाली स्टिकरवर असतो, ग्रॅममध्ये. ग्रॅममध्ये का? कारण हे काम वजनाचं आहे. डब्याबरोबर येणाऱ्या छोट्या गेजवर हिरवा पट्टा दिसला की लोक खूश. पण इंजिन बंद असताना ते प्रेशर गॅस किती आहे ते सांगतच नाही, बाहेर तापमान किती आहे ते सांगतं. २५ अंशाला काटा ८०च्या थोडा वर, ३५ अंशाला ११५ पीएसआयच्या आसपास. आत १०० ग्रॅम असो की ४५०, थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत काटा तोच. इंजिन चालू करून बघितलं तरी उन्हाप्रमाणे, पंख्याप्रमाणे आकडा हलतो. मग माणूस अंदाजाने भरतो, आणि अंदाज नेहमी जास्तीकडेच झुकतो. गॅस जास्त झाला तर एसी जास्त गार होत नाही, उलट गरम व्हायला लागतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. चहात साखर जास्त पडली तर निदान चव तरी कळते, इथे कळतं थेट घाटात.

तिसरी गोष्ट हवा आणि ओलावा. गळती असलेल्या नळ्यांत गॅस बाहेर जातो, तशी हवाही आत शिरते, पाण्याची वाफ घेऊन. जव्हारचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. ओलावा ऑइल खराब करतो, आतून गंज आणतो, बारीक तोंडाशी बर्फ होऊन अडकतो. म्हणून गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावून अर्धा-पाऊण तास सगळं ओढून काढायचं असतं. डब्याच्या व्हिडिओत ही पायरीच नाही.

आणि जिवाचा प्रश्न आहे तो वेगळाच. हा गॅस उणे २६ अंशाला उकळतो, म्हणजे द्रव हातावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. चुकून डबा हाय प्रेशरच्या बाजूला जोडला तर डबा फुटू शकतो. मागे जगभर बनावट आर-१३४एचा सुळसुळाट झाला होता. २०११ मध्ये जहाजावरच्या गारव्याच्या कंटेनरांचे स्फोट झाले, तीन कामगार गेले. त्या कंटेनरांत भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड निघालं. ते ॲल्युमिनियमशी मिळून असं रसायन बनवतं, जे हवा लागताच पेट घेतं. गाडीचा कंडेन्सर कशाचा असतो? ॲल्युमिनियमचा. स्वस्त डबा, बिल नाही, कंपनीचं नाव पुसट, असं दिसलं तर हात लावू नका.

मग अमेरिकेत हे कसं चालतं? तिथे स्वतःच्या गाडीत छोटा डबा भरायला परवानगी आहे, पण २०१८ पासून त्या डब्याला आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असावा लागतो. आणि महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्याच्या गाडीचं काम पैसे घेऊन करायचं असेल तर तिथे प्रमाणपत्र लागतं. व्हिडिओतला माणूस आपल्या गाडीत भरतोय. आपला पोरगा गिऱ्हाइकाच्या गाडीत भरणार आहे. व्हिडिओ एकच, पण जबाबदारी जमीन-अस्मानाच्या फरकाची.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, सर, म्हणजे गाडी प्रोफेशनलकडे न्या, विषय संपला. नाही, संपत नाही. इथेच माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे.

जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. जाऊन-येऊन डिझेलचेच हजार-बाराशे, वरून दिवसाचं भाडं बुडालं. खोडाळ्याच्या जीपवाल्याने काय करायचं? पेशंट घेऊन नाशिकला जाणारी गाडी मे महिन्यात एसीशिवाय कशी चालवायची? तो डबा मारतो तेव्हा तो मूर्ख नसतो, त्याच्याकडे जवळ दुसरा पर्यायच नसतो. आणि बरं, ८० किलोमीटर जाऊन जिथे गाडी लावतो तिथे काय होतं? कित्येक ठिकाणी तोच अंदाज, फक्त डब्याऐवजी मोठा सिलिंडर. व्हॅक्यूम दहा मिनिटं, वजनकाटा धूळ खात कोपऱ्यात, गळती शोधणं नाहीच. दीड हजार घेतात, पुढच्या उन्हाळ्यात परत बोलावतात. दुकानाला पाटी आहे, अंगात बनियनऐवजी युनिफॉर्म आहे, एवढ्यावर मी त्याला प्रोफेशनल म्हणणार नाही.

माझ्या मते फरक घर आणि गॅरेज यांच्यात नाही. फरक मोजणारा आणि अंदाज करणारा यांच्यात आहे. जव्हार-मोखाड्यात आज मोजणाऱ्याला जागा मोकळी आहे. त्या पोराला जागा बरोबर दिसली होती, फक्त हत्यार चुकीचं निवडलं होतं.

हत्यारांचा हिशेब करू. बाजारात भाव वर-खाली होतात, स्वतः तीन ठिकाणी विचारा, मी ढोबळ धरतोय. व्हॅक्यूम पंप सात हजार. गेज सेट तीन हजार. गॅस तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा चार हजार. लीक डिटेक्टर चार हजार, शिवाय अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणि डाय हजारभर. नायट्रोजनचं सिलिंडर आणि रेग्युलेटर बारा हजारांपर्यंत. १३.६ किलोचा गॅस सिलिंडर समजा आठ हजार. ऑइल, ओ-रिंग, व्हॉल्व्हच्या पिना, गॉगल, हातमोजे मिळून तीन हजार. बेरीज बेचाळीस हजार. मुद्रा योजनेत शिशु गटाची मर्यादा ५० हजार रुपये आहे, म्हणजे एवढं काम त्यात बसतं. आदिवासी तरुणांनी जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि शबरी महामंडळाकडेही चौकशी करावी. पुढे मोठं गॅरेज टाकायचं असेल तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. पण सबसिडी मिळते म्हणून पहिल्या दिवशी दहा लाखांचा प्रकल्प अहवाल करून आणू नका, हात जोडून सांगतो. आधी बेचाळीस हजार वसूल करून दाखवा.

आता गॅसचं बघा. आठ हजारांच्या सिलिंडरचा किलोला भाव पडला ५९० रुपयांच्या आसपास. ४५० ग्रॅमच्या गाडीला गॅस लागला साधारण २६५ रुपयांचा. डब्याने भरलं असतं तर डब्याचेच त्याच्या कितीतरी पट गेले असते. म्हणजे 'स्वस्तातला धंदा' म्हणून डबा घेणाराच गॅस महाग घेतो! सिलिंडरमध्ये तीस गाड्या बसतात असं कागदावर दिसतं, पाइपात वाया जाणारा धरून पंचवीस समजा.

पण भाव गॅसचा लावू नका, ही माझी खास विनंती. गॅसचे पैसे लावले की गिऱ्हाईक म्हणतं, "डबा तर हजारात येतो." तपासणीचे वेगळे पैसे लावा. समजा तीनशे. त्यात काय? कंडेन्सर बघणं, पंखा फिरतो का, बेल्ट, फ्यूज, केबिन फिल्टर, प्रेशर, गळती. आणि निकाल कागदावर लिहून द्या. आपल्या भागात एसी गार न होण्याचं कारण कित्येकदा गॅस नसतंच. तांबड्या मातीने कंडेन्सर लिंपलेला असतो. पावसाळ्यात उबेला आलेला उंदीर पंख्याची वायर कुरतडून गेलेला असतो. फिल्टर उघडला की पालापाचोळ्याचं घरटं बाहेर येतं. अशा गाडीत गॅस भरायचा नाही, कंडेन्सर धुऊन द्यायचा आणि म्हणायचं, "दादा, गॅस बरोबर आहे, तीनशे द्या." त्या दिवशी बाराशे बुडाले असं वाटेल. पण जीप स्टँडवर संध्याकाळपर्यंत हे पसरतं. कॉम्प्रेसर फुटला तर तेही संध्याकाळपर्यंतच पसरतं. मुंबईत एक गिऱ्हाईक तुटलं तर दुसरं मिळतं. मोखाड्यात त्या गिऱ्हाइकाचा मेहुणा, साडू आणि सरपंच मिळून दहा गाड्या तुटतात.

गाडीमालकांनीही कान इकडे करा. फिल्टर साफ करणं, कंडेन्सरवर साध्या पाण्याचा हलका मारा, हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवणं म्हणजे सील कोरडी पडत नाहीत, हे सगळं घरी करा, कोणाला पैसे देऊ नका. गॅसला हात लावू नका. आणि मेकॅनिकला तीन प्रश्न विचारा : व्हॅक्यूम किती वेळ केला, किती ग्रॅम भरला, गळती कुठे होती. तिसऱ्याचं उत्तर "अशीच कमी होते" असं आलं तर गाडी काढून घ्या.

"सर, एसीचं काम उन्हाळ्यातच ना? पावसाळ्यात काय खायचं?" हाही प्रश्न त्या दिवशी कोणीतरी टाकला होता. विक्रमगडकडून जव्हारला किंवा तोरंगण घाटातून त्र्यंबककडे जुलैत गाडी चालवली आहे का? धुकं बाहेर आणि वाफ आत. काच पुसून पुसून ड्रायव्हरचा रुमाल भिजतो. ती वाफ एसी लावल्यावर जाते, कारण एसी आतली हवा कोरडी करतो. घाटात चालणाऱ्या गाडीला पावसाळ्यात एसी ही चैन नाही, समोर दिसण्याची सोय आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात "काच साफ दिसेल" म्हणून पाटी लावा आणि बघा. शनिवार-रविवारी दाभोसा धबधब्याला येणारे मुंबईकर आहेतच.

ट्रकचंही लक्षात ठेवा. आता नव्या बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालवाहू गाड्यांना ड्रायव्हरच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. हे ट्रक आज वॉरंटीत असतील, तीन-चार वर्षांनी रस्त्यावरच्या मेकॅनिककडे येणारच.

सरकारी बाजू थोडक्यात सांगतो. हा आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट उष्णता धरतो. एका गाडीचा ४५० ग्रॅम उडाला म्हणजे साडेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार आपल्याकडे या जातीच्या गॅसचा वापर २०२८ पासून गोठवायचा आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचा. युरोपात कोटा आवळल्यावर भाव कसे भडकले ते तिथल्या मेकॅनिकना विचारा. तेव्हा जुना गॅस हवेत सोडण्याऐवजी परत काढून घ्यायचं रिकव्हरी मशीन आज महाग वाटलं, तरी पहिल्या वर्षाच्या नफ्यातून घ्यायची वस्तू म्हणून वहीत लिहून ठेवा.

राहता राहिला अनुभव. दोन वर्षांच्या हेल्परकीत त्याने स्पॅनर दिले-घेतले, स्वतः गेज जोडला नाही. ही आपल्याकडची जुनी खोड, पोराला काम द्यायचं पण विद्या द्यायची नाही. मी त्याला फोन करून सांगितलं, आधी एखाद्या चांगल्या एसी मेकॅनिककडे तीन महिने पगार न मागता उभा राहा, पण अट घाल की गेज माझ्या हातात पाहिजे. मग पंप घे. पहिल्या पाच गाड्या नात्यातल्या कर, फक्त सामानाचे पैसे घेऊन. आणि लाइटची सोय बघ. मोखाड्यात पावसात वीज जाणार हे धरूनच चाल. पंप छोटा असतो, चांगल्या इन्व्हर्टरवर चालतो, सुरू होताना जरा जास्त ओढतो एवढंच. पण व्हॅक्यूम चालू असताना लाइट गेली आणि व्हॉल्व्ह बंद केला नाही, तर पंपाचं तेल उलटं ओढलं जाऊन गाडीच्या सिस्टिममध्ये जातं. पंपापासून लांब जाऊन चहा प्यायचा नाही.

त्याने ऐकलं. परवा रात्री त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आला, सोबत गेजचा फोटो. मामाच्या गाडीवर पहिल्यांदा स्वतःचा पंप लावला होता.

"सर काटा २८ च्या वर जातच नाय. सगळे व्हिडिओत २९ च्या वर सांगतात. पंप खराब दिला का मला?"

मी लिहिलं, "पंप ठीक आहे. ते व्हिडिओ समुद्राजवळचे आहेत. जव्हार साडेचारशे मीटर उंचावर, तुझा पाडाही तसाच डोंगरात. उंचीवर हवेचं प्रेशरच कमी, तिथे काटा साडेअठ्ठावीसच्या आतच थांबणार. आता दोन्ही व्हॉल्व्ह बंद कर, पंप बंद कर, अर्धा तास काट्याकडे बघ."

पस्तीस मिनिटांनी दुसरा फोटो आला. काटा २४ वर.

"मामा बोलतोय भरून टाक आता, उद्या लग्नाला जायचंय."

"मामाला सांग, लग्नाला काचा खाली करून जा. तू टॉर्च काढ आणि कंडेन्सरच्या खालच्या जोडापासून बघायला सुरुवात कर."